जपानी कंपनीतली ‘सोयीने घ्या’ उन्हाळी सुट्टी: हक्क किती, मुभा किती आणि गणपतीला घरी कसं जायचं

प्रश्न असा आला आहे: “योकोहामातल्या एका जपानी कंपनीत एप्रिल 2025 पासून सॉफ्टवेअर अभियंता म्हणून काम करतोय. ओबोनला, म्हणजे इथल्या पूर्वजांच्या सणाला, आमचं ऑफिस बंद नसतं. जुलै ते सप्टेंबर या काळात तीन दिवस उन्हाळी सुट्टी ज्याने त्याने सोयीने घ्यायची, असा नियम आहे. ही सुट्टी कायद्याने मिळते का? तिला पगारी रजा जोडून 2026 च्या गणपतीला रत्नागिरीला जायचंय. आमचे काचो, म्हणजे विभागप्रमुख, म्हणाले, एवढी सलग सुट्टी इथे कुणी घेत नाही. काय करावं?”

जाता येईल, आणि जरूर जा. जपानी कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागात मी बरीच वर्षं काम करते आहे आणि हा प्रश्न दर उन्हाळ्यात माझ्यासमोर येतो. बहुतेक वेळा अडचण नियमांची नसते. कोणती सुट्टी कोणत्या खात्यातली, हे माहीत नसतं आणि विचारायला उशीर झालेला असतो. म्हणून आधी खाती नीट समजून घेऊ.

तुमची तीन दिवसांची उन्हाळी सुट्टी कायद्याने मिळत नाही. जपानचा श्रम मानक कायदा 1947 चा. त्यात उन्हाळी सुट्टीची तरतूदच नाही. ओबोनसुद्धा राष्ट्रीय सुट्टी नाही. देशाच्या बऱ्याच भागांत तो 13 ते 16 ऑगस्टला पाळतात, टोकियोच्या काही भागांत महिनाभर आधी, जुलैत. सरकारी पंचांगात ऑगस्टची सुट्टी एकच, 11 तारखेचा पर्वत दिन, आणि तीही 2016 पासूनची. बाकी उन्हाळ्यात जे काही मिळतं ते कंपनी आपणहून देते. मात्र आपणहून दिलेलं म्हणजे लहर लागली की काढून घेता येईल असं नव्हे. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेला शूग्यो किसोकु, म्हणजे सेवा-नियमावली, लिहून कामगार निरीक्षण कार्यालयात दाखल करावी लागते आणि तिच्यात रजांचा उल्लेख सक्तीचा आहे. नियमावलीत तीन दिवस लिहिले असतील तर ते तुमच्या कराराचा भाग झाले.

तेव्हा पहिलं काम, ती नियमावली उघडून उन्हाळी सुट्टीचं कलम वाचा. ती कर्मचाऱ्यांना पाहता येईल अशी ठेवणं कंपनीवर बंधनकारक आहे, त्यामुळे मागायला संकोच नको. चार गोष्टी शोधा. सुट्टी पगारी आहे की बिनपगारी. तीन दिवस सलगच घ्यायचे की सुटे चालतात. मुदत नेमकी कधी संपते. काही कंपन्या जूनपासून ऑक्टोबरपर्यंत मोकळीक देतात, बऱ्याच ठिकाणी 30 सप्टेंबरला दार बंद होतं. आणि चौथी, सगळ्यांत महत्त्वाची: हे तीन दिवस खरोखर वेगळे आहेत, की तुमच्याच वार्षिक पगारी रजेतून वळवलेले.

या चौथ्या गोष्टीत पुष्कळ लोक फसतात. कामगार प्रतिनिधींशी लेखी करार करून पगारी रजेचे काही दिवस ठरावीक तारखांना किंवा ठरावीक काळात घ्यायला लावण्याची सोय कायद्यात आहे. अट एकच, की किमान पाच दिवस कर्मचाऱ्याच्या मर्जीवर मोकळे सोडले पाहिजेत. हे कायदेशीर आहे, पण मग ती उन्हाळी सुट्टी म्हणजे तुमचीच रजा वेगळ्या नावाने. पगाराच्या चिठ्ठीवर किंवा रजेच्या प्रणालीत उरलेल्या रजेचा आकडा पाहिलात तर लगेच कळतं. गेल्या सप्टेंबरात तीन दिवस घेतल्यावर तो आकडा कमी झाला नसेल, तर सुट्टी खरोखर वेगळी आहे. तुम्ही तेव्हा नवे होतात, कायदेशीर रजा अजून खात्यात यायची होती, म्हणून एखाद्या जुन्या सहकाऱ्याला विचारा.

दुसरं खातं वार्षिक पगारी रजेचं, ज्याला ऑफिसात सगळे यूक्यू म्हणतात. हा पक्का कायदेशीर हक्क. सहा महिने सलग नोकरी आणि 80 टक्के हजेरी झाली की 10 दिवस मिळतात. दीड वर्षाला 11, अडीच वर्षांना 12, पुढे 14, 16, 18 आणि साडेसहा वर्षांनंतर 20. न वापरलेले दिवस दोन वर्षांनी मावळतात. तुम्ही 1 एप्रिल 2025 ला लागलात, म्हणजे 1 ऑक्टोबर 2025 ला 10 दिवस जमा झाले आणि पुढचे 11 येत्या 1 ऑक्टोबरला होतील. काही कंपन्या हिशेब सोपा व्हावा म्हणून सगळ्यांची तारीख एप्रिलला आणतात. तसं असेल तर तुमच्या खात्यात याहून जास्तच असेल, कमी नाही.

इथे एक मुद्दा तुमच्या फार कामाचा आहे. एप्रिल 2019 पासून ज्यांना वर्षाला 10 किंवा अधिक दिवस मिळतात, त्यांना त्यांतले किमान पाच दिवस वर्षाच्या आत घ्यायला लावणं ही कंपनीची जबाबदारी झाली आहे. नाही जमलं तर प्रत्येक कर्मचाऱ्यामागे 3 लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. तुमचं वर्ष 30 सप्टेंबर 2026 ला संपतं. कंपनीने दिलेली वेगळी उन्हाळी सुट्टी या पाचांत मोजली जात नाही, यूक्यूच मोजली जाते. समजा तुम्ही आतापर्यंत तीनच दिवस घेतले असतील, तर सप्टेंबरमधले दोन दिवस कंपनीचंच ओझं उतरवतात. मनुष्यबळ विभागाला हे एका वाक्यात सांगा. तिथल्या माणसांना ते चटकन पटतं, कारण सप्टेंबरअखेर आम्ही हीच यादी घेऊन बसलेलो असतो.

आता तारखा. 2026 चं पंचांग तुमच्या बाजूने आहे. गणेश चतुर्थी सोमवारी, 14 सप्टेंबरला. जपानमध्ये सप्टेंबरचा तिसरा सोमवार ज्येष्ठ नागरिक दिनाचा, तो यंदा 21 ला. शरद संपात दिन बुधवारी 23 ला. दोन राष्ट्रीय सुट्ट्यांच्या मध्ये सापडलेला एकटा दिवस कायद्याने आपोआप सुट्टीचा होतो, त्यामुळे मंगळवार 22 सुद्धा मोकळा. शनिवार 19 पासून बुधवार 23 पर्यंत पाच दिवस सलग, यालाच इथे सिल्व्हर वीक म्हणतात. असा योग याआधी 2015 मध्ये आला होता. म्हणजे 14 ते 18 या पाच कामाच्या दिवसांची सोय केली की शनिवार 12 पासून बुधवार 23 पर्यंत बारा दिवस हाती येतात. तीन दिवस उन्हाळी सुट्टीचे, दोन यूक्यूचे. दीड, पाच किंवा सात दिवसांचा गणपती असेल तर विसर्जन करून, सामान आवरून निवांत परत याल. अनंत चतुर्दशी 25 ला, शुक्रवारी आहे. तोवर थांबायचं तर 24 आणि 25 आणखी मागावे लागतील. दुसऱ्याच वर्षी मी तेवढं मागितलं नसतं. बारा दिवस कुणालाही पटवता येतात. सोळा दिवसांसाठी आपल्या कामाच्या संघाशी, म्हणजे टीमशी, थोडी जुनी ओळख लागते.

पुढच्या वर्षीचंही आताच टिपून ठेवा. 2027 मध्ये चतुर्थी शनिवारी, 4 सप्टेंबरला आहे, सिल्व्हर वीकच्या बरीच आधी. 6 ते 10 घेतलेत तर नऊ दिवस मिळतील, पण चतुर्थीच्या दिवशीच पोहोचणं चालत असेल तरच. कोकणात चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोहोचायचं तर शुक्रवारही जातो.

आता काचोंच्या वाक्याकडे. “इथे कुणी घेत नाही” हा नकार नसतो, बहुधा ती काळजी असते. त्यामागे काय आहे ते समजलं तर बोलणं सोपं जाईल.

एक म्हणजे, जपानमध्ये आजारपणाची वेगळी पगारी रजा कायद्याने नाही. ताप आला की बरेच जण यूक्यूच वापरतात, आणि म्हणून ती साठवून ठेवतात. मोठं आजारपण आलं तर आरोग्य विम्यातून चौथ्या दिवसापासून पगाराच्या सुमारे दोन तृतीयांश भत्ता मिळतो, पण दोन दिवसांच्या तापाला त्याचा उपयोग नाही. ही सवय अगदी समजण्यासारखी आहे, आणि तुम्हीही तीन-चार दिवस राखून ठेवा असंच मी सांगेन. दुसरं, आपण गेलो की आपलं काम शेजारच्या टेबलावर जातं, ही टोचणी इथे खरी असते. तरी चित्र बदलतंय. 2023 मध्ये देशभरात मिळालेल्या पगारी रजेपैकी 65.3 टक्के रजा वापरली गेली, 1984 पासूनचं तोवरचं सर्वांत मोठं प्रमाण. दहा-बारा वर्षांपूर्वी हाच आकडा पन्नाशीच्या खाली असे. तुमचे काचो त्या काळात घडलेले आहेत.

तिसरं कारण मला तुमच्या बाबतीत जास्त संभवतं. मार्चअखेर हिशेब बंद करणाऱ्या कंपन्यांचं सहामाही 30 सप्टेंबरला संपतं. विक्री, लेखा आणि ग्राहकाला सप्टेंबरअखेर काही सुपूर्द करायचं असलेले सॉफ्टवेअरचे संघ, सगळ्यांची तेव्हा धावपळ असते. जुलैतले तीन दिवस कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत, सप्टेंबरच्या मध्यातले येतात. मागणी करताना आधी याचं उत्तर तयार ठेवा: माझ्या हातचं काम 4 सप्टेंबरपर्यंत तपासणीला देतो, 24 ला सकाळी मी जागेवर आहे, शेवटचा आठवडा पूर्ण तुमच्याबरोबर.

हक्काच्या दृष्टीने पाहिलं तर यूक्यूसाठी वरिष्ठांच्या ‘मंजुरी’ची गरजच नाही. 2 मार्च 1973 च्या निकालात जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अटी पूर्ण झाल्या की हक्क कायद्यानेच निर्माण होतो, आणि रजा कशासाठी वापरायची हा कर्मचाऱ्याचा प्रश्न. कंपनीला एकच अधिकार आहे: त्या दिवशी रजा दिल्याने कामकाज सुरळीत चालण्यात अडथळा येणार असेल तर तारीख बदलायला सांगणं. रजा नाकारणं नव्हे, हलवणं. “माणसं कमी आहेत” एवढ्यावर, आणि ती बारा महिने कमीच असतील तर, हे कारण सहसा टिकत नाही.

पण या निकालाच्या जोरावर भांडायला जाऊ नका, कारण दुसरा निकालही आहे. 1980 च्या उन्हाळ्यात जिजी प्रेस या वृत्तसंस्थेच्या एका बातमीदाराने 20 ऑगस्टपासून सुमारे महिनाभराची सलग रजा मागितली. संस्थेने सांगितलं, दोन आठवड्यांचे दोन भाग करून घ्या. तो ऐकला नाही, निघून गेला. परतल्यावर त्याला शिस्तभंगाची कारवाई सोसावी लागली आणि बोनसही कापला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 23 जून 1992 ला न्यायालयाने संस्थेची बाजू उचलून धरली. लांब सलग रजेत आधी चर्चा करून जुळवून घेणं आवश्यक आहे, ते न करता थेट तारखा टाकल्या तर बदल करण्याबाबत कंपनीला काही प्रमाणात स्वातंत्र्य राहतं, असं तत्त्व त्यातून निघालं. आम्ही मनुष्यबळवाले हा निकाल पाठ असल्यासारखा वापरतो. तुमची मागणी त्याच्या जवळपासही नाही. यूक्यूचे दोन दिवस म्हणजे काहीच नाही. तरी धडा तोच: रजा जितकी लांब, तितकं आधी बोलायचं. आणि ध्यानात ठेवा, उन्हाळी सुट्टीचे तीन दिवस कंपनीच्या नियमावलीवर चालतात, तिथे मंजुरी लागेल असं लिहिलं असेल तर ती लागतेच.

म्हणून मे महिन्यात, फार तर जूनच्या पहिल्या आठवड्यात बोला. बहुतेक संघांत जूनमध्ये सुट्ट्यांचा तक्ता फिरतो; तो यायच्या आधी. समोरासमोर बोला, ईमेल नंतर. “घेऊ का?” असं विचारू नका, त्याला सोपं उत्तर “बघू” हे असतं. तारखा, हातातली कामं आणि कोण काय सांभाळेल याचा एक पानाचा आराखडा पुढे ठेवा. घरचा सण वर्षातून एकदाच येतो, घरची सगळी माणसं त्याला जमतात, हेही मोकळेपणाने सांगा. कारण सांगायची कायद्याने गरज नाही, पण सांगितल्याने फरक पडतो. ओबोनला गावी जाऊन पूर्वजांचं स्मरण करणाऱ्या माणसाला गणपतीला घरी जाण्याची ओढ समजावून सांगावी लागत नाही.

आणि देवाणघेवाणीला तुमच्याकडे एक मौल्यवान गोष्ट आहे, ऑगस्टचा दुसरा आठवडा. शाळा जुलैच्या विशीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात, काही पाळणाघरंही ओबोनला आवरतं घेतात, गावाकडे कबरस्तानाची साफसफाई असते. मुलंबाळं असलेल्या सहकाऱ्यांना 10 ते 14 ऑगस्ट हवेच असतात. अकरा तारखेची सुट्टी सोडली तर त्या आठवड्यात मी ऑफिस सांभाळतो, असं तुम्ही आपणहून म्हणा. सोयीची सुट्टी याच कारणासाठी चांगली आहे: प्रत्येकाचा सण वेगवेगळ्या दिवशी येतो. आमच्याकडे आओमोरीची एक सहकारी होती, तिला ओबोनपेक्षा 2 ते 7 ऑगस्टचा नेबुता उत्सव महत्त्वाचा. तिच्या आणि माझ्या तारखा कधी आपटल्या नाहीत. तुमचाही फायदा आहे. ओबोनच्या गर्दीत विमानाची तिकिटं महागतात, शिंकान्सेन या वेगवान रेल्वेच्या नोझोमी गाड्यांत तर त्या दिवसांत आरक्षणाशिवाय बसताच येत नाही. त्या आठवड्यात शांत ऑफिसात बसून काम उरकण्यासारखं सुख नाही.

कारखान्यात काम करणाऱ्यांना मात्र ही मुभा नसते. ऐची प्रांतात टोयोटा आणि तिचे पुरवठादार एकाच दिनदर्शिकेवर चालतात: राष्ट्रीय सुट्ट्यांना काम आणि त्या बदल्यात मे, ऑगस्ट, नववर्षाला लांब बंद. उत्पादन साखळी एकदम थांबवून यंत्रांची देखभाल करायची असते, तिथे एकेकाने वेगळं जाणं परवडत नाही. 2011 च्या भूकंपानंतर वीज अपुरी पडली, टोकियो आणि तोहोकू भागांत मोठ्या ग्राहकांना 15 टक्के वापर घटवावा लागला, तेव्हा मोटार कंपन्यांनी जुलै ते सप्टेंबर गुरुवार-शुक्रवार बंद ठेवून शनिवार-रविवार काम केलं. गरज पडली तर अख्खा उद्योग सुट्टी हलवू शकतो, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. चाकणला किंवा सुप्याला जपानी कंपनीत असणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की जपानच्या कारखान्याकडून ऑगस्टच्या मध्यात उत्तर आलं नाही तर त्याचं कारण हे आहे. ऑफिसातला माणूस मात्र आळीपाळीने असतोच.

कराराने काम करणाऱ्यांसाठी थोडं. “तुम्ही कायम नाही, उन्हाळी सुट्टी तुम्हाला लागू नाही” असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. 15 ऑक्टोबर 2020 ला जपान पोस्टच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की कायम कर्मचाऱ्यांना उन्हाळी-हिवाळी रजा देऊन मुदतीच्या कर्मचाऱ्यांना अजिबात न देणं अवाजवी आहे. एजन्सीमार्फत आलेल्यांची रजा एजन्सीकडून ठरते, तिथे तिची नियमावली पाहायची.

तुम्ही कधीतरी संघप्रमुख व्हाल, तेव्हासाठी एक विनंती. ‘सोयीने घ्या’ म्हणून सोडून दिलं की सर्वांत मनमिळाऊ माणसाची सुट्टी बुडते, कारण तो सगळ्यांना आधी जाऊ देतो आणि सप्टेंबर संपतो. जूनअखेर प्रत्येकाच्या तारखा तक्त्यावर लिहून घ्या, स्वतःच्या सर्वांत आधी. जपानच्या बँका दर वर्षी कर्मचाऱ्यांना आठवडाभर सलग सुट्टीवर पाठवतात, त्या काळात दुसऱ्याने त्याचं काम उघडून पाहावं म्हणून. गैरव्यवहार पकडण्यासाठी निघालेली ही रीत आहे, पण एकाच माणसावर अडून राहिलेलं काम त्यातूनच उघडं पडतं. जपानच्या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनाही जुलै ते सप्टेंबर दरम्यान आपापल्या सोयीने तीन दिवस मिळतात.

समजा सगळं करूनही तारीख बदला म्हणाले, तर कारण आणि पर्यायी तारीख लेखी मागा, शांतपणे. मग मनुष्यबळ विभागाकडे जा. उन्हाळी सुट्टीची मुदत कामामुळे हुकली तर ऑक्टोबरात वापरता येईल का, हेही आधीच विचारून ठेवा. अनेक ठिकाणी सूट मिळते, पण मागितल्यावर. त्यानंतरही अडलं तर कामगार निरीक्षण कार्यालयात परदेशी कामगारांना इंग्रजीत मोफत सल्ला मिळतो. अशा साध्या मागणीसाठी तिथवर जावं लागलेलं मी क्वचितच पाहिलंय.

प्रणालीत दोन्ही रजा मंजूर दिसल्यावरच तिकीट काढा. परतीचं 22 चं घ्या, 23 मोकळा ठेवा, कारण सप्टेंबर वादळांचा महिना आहे आणि विमान एक दिवस लांबलं तरी 24 ला हजर राहण्याचा शब्द पाळता येईल. कामाचा लॅपटॉप नेऊ नका. परदेशात नेण्यावर बऱ्याच कंपन्यांत निर्बंध असतात, आणि रजेच्या दिवशी काम केलं तर ती रजा उरत नाही. निघताना विमानतळावर पुनःप्रवेशाच्या फॉर्मवर परत येणार असल्याच्या चौकटीत खूण करायला विसरू नका, निवासी कार्ड पासपोर्टबरोबर ठेवा. आणि येताना संघासाठी एकेक वेगळं वेष्टन असलेला खाऊ आणा. उकडीचे मोदक टिकणार नाहीत, काजूकंद किंवा आंब्याच्या वड्या चालतील.